श्रीगाडगेबाबा आणि आपले घर

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत श्रीगाडगेबाबांचे छायाचित्र पहिल्या पानावर छापावे, हा प्रघात आहे आणि तो पुढेही चालावा अशीच आमची इच्छा आहे. परंतु छायाचित्राखाली जन्म व निर्वाण यांच्या तिथी देऊन, दोन विशेषणे जोडून आपण मोकळे होतो, ही गोष्ट आम्हांस बरेच दिवस खटकत होती. बाबांची कीर्तने, धर्मशाळा, सदावर्ते यांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. आम्ही यंदा त्यांचे चरित्र एका लहानशा दाराने आत शिरून पाहण्याचे योजिले आहे. ते दार म्हणजे आपल्या घराचे दार होय. वयाचे एकोणतिसावे वर्ष सरत आले असता ज्या पुरुषाने घर सोडले, आणि त्यानंतर एक्कावन्न वर्षे ज्याने स्वतःच्या नावाचा उंबरठा ठेवला नाही, त्याला घर कसे असावे याचे एवढे अगत्य का असावे, हा प्रश्न समाजबांधवांच्या व भगिनींच्या मनात कधी आला असेल की नाही कोण जाणे. आमच्या मनात तो आला, आणि उत्तर शोधू लागलो तेव्हा बाबांच्या बालपणाकडे वळणे भाग पडले.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. हे गाव आज अमरावती जिल्ह्यात मोडते. पित्याचे नाव झिंगराजी, मातेचे सखूबाई, आडनाव जाणोरकर. मुलाचे नाव डेबूजी असे ठेविले गेले. झिंगराजी कष्टाळू होता, परंतु मद्याच्या नादास लागला. देवकार्य असो, बारसे असो वा मयताचा दहावा असो, बकरे आणि दारू यांवाचून पंगत उठावयाची नाही अशी त्या काळची रीत होती. ती रीत पाळता पाळता घरातील भांडे, गोठ्यातील जनावर आणि अखेर अंगातील बळ ही सर्वच एकामागून एक गेली. १८८४ साली झिंगराजी वारला. आठ वर्षांच्या मुलाचे बोट धरून सखूबाई माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, आली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. बाबांनी पुढे हजारो कीर्तनांतून दारूचा निषेध केला, तो पुराणे वाचून केलेला नव्हता. त्यांना अक्षरओळख नव्हती. घर कसे मोडते हे त्यांनी मातीच्या जमिनीवर बसून, डोळ्यांनी पाहिले होते. घराची घाण ही कोपऱ्यातल्या केरात असते तशी ती फडताळातल्या बाटलीतही असते, आणि केर काढून टाकणाऱ्या बाईला ती बाटली काढून टाकण्याचा अधिकार नसतो, हे त्या लहान मुलाला आईच्या मुद्रेवरून कळले असले पाहिजे.

दापुऱ्यास मामा चंद्रभान याच्या आश्रयाने डेबूजी वाढला. गुरे राखणे हे त्याचे पहिले काम. चरित्रकार सांगतात की या कामात त्याने एक शिस्त बसविली. पहाटे उठून गोठ्यातील शेण काढावे, मूत साचलेली जागा कोरडी करावी, गुरांस नदीवर नेऊन चोळून धुवावे, आणि मग रानात सोडावे. गुरांच्या अंगावर गोचीड दिसू नये असा त्याचा कटाक्ष असे. कामकऱ्या पोराने गोठ्यासाठी एवढी दगदग का करावी, असे इतरांस वाटत असणार. ज्यांच्या घरी गुरे आहेत त्यांस यातील शहाणपण सांगावयास नको. गोठा ओला राहिला की माश्या होतात, माशी गोठ्यातून उठते ती चुलीजवळच्या भाकरीवर बसते, आणि तान्ह्या मुलाच्या हगवणीचे मूळ पुष्कळदा तेथे असते. जंतूंचे शास्त्र त्या वेळी युरोपात नुकतेच प्रस्थापित होत होते. रॉबर्ट कॉख याने पटकीचा जंतू ओळखला तो १८८३-८४ च्या सुमारास, त्यांतील काही काम कलकत्त्यास येऊन. म्हणजे डेबूजी मामाच्या घरी आला त्याच सुमारास. दापुऱ्यास ही वार्ता पोचण्याचे कारणच नव्हते. ती न पोचताही गोठा कोरडा होत होता.

पुढे डेबूजी शेतीत पडला आणि उत्तम शेतकरी म्हणून नावाजला. मामाचे शेत पिकू लागले. आणि पिकू लागले म्हणूनच सावकाराची नजर त्यावर पडली. व्यवहार कागदावर होत असे आणि कागद वाचणारा घरात कोणी नव्हता. फेडलेले पैसे कोठे टिपून ठेविले नाहीत, पावती मागितली नाही. अखेर जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यावयास आली तेव्हा डेबूजी औत सोडून बाजूस झाला नाही. तो त्यांच्याशी भिडला. त्या भागातील गरीब कुळांच्या तोंडी ती हकीकत पुष्कळ दिवस होती.

आमच्या मते बाबांच्या घरविषयक उपदेशाचा अर्धा भाग या एका प्रसंगातून आला. त्यांच्या कीर्तनात कर्ज काढून सण करू नये, कर्ज काढून लग्न करू नये, पोरांस शाळेत घालावे, त्यासाठी भांडी मोडावी लागली तरी मोडावी आणि हातावर भाकरी घेऊन खावी, ही गोष्ट पुन्हा पुन्हा येत असे. घर नीटनेटके असणे याचा अर्थ त्यांच्या लेखी केवळ सारवलेली जमीन नव्हता. कोणाचे किती देणे आहे आणि कोणाकडून किती येणे आहे हे घरातील प्रत्येक जाणत्या माणसास ठाऊक असणे, हाही त्यात समाविष्ट होता. आपल्या धंद्यात, जेथे दहा घरांचे कपडे एका गाठोड्यात येतात, तेथे हिशेबाची वही ही केरसुणीइतकीच आवश्यक वस्तू आहे, हे आम्ही निराळे सांगण्याची गरज नाही. परंतु किती घरांत ती वही आहे, हे मात्र विचारावेसे वाटते.

१८९२ साली डेबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. संसार सुरू झाला, मुले झाली. आणि मग तो बारशाचा प्रसंग आला. हा प्रसंग लहान आहे व पुष्कळ चरित्रांत दोन ओळींत आटोपला आहे. आम्हांस मात्र तो त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा प्रसंग वाटतो. मुलीच्या बारशास जातभाई जमले. रीतीप्रमाणे बकरे कापले जाईल आणि दारू येईल अशी सर्वांची अपेक्षा. पानावर पडले ते गोडधोड. नातलग रुष्ट झाले. जातीच्या रिवाजाचा भंग म्हणजे त्या काळी हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती. पंगतीतून उठविणे, वाळीत टाकणे, मुलीबाळींची लग्ने अडविणे हे सर्व त्यामागून येऊ शकत होते. डेबूजीने तरी ते पान बदलले नाही. झिंगराजीच्या घरात जे शिरले आणि ज्याने ते घर खाल्ले, ते आपल्या उंबरठ्याच्या आत येऊ द्यावयाचे नाही, एवढाच त्याचा निश्चय होता. सुधारणेची सभा नाही, ठराव नाही, अध्यक्ष नाही. एका परिटाच्या ओसरीवर एक पंगत बसली आणि उठली, इतकेच.

असे ज्याने घर सावरले त्यानेच १ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे ते सोडले. मागे वृद्ध आई, पत्नी आणि मुले होती. येथे आम्ही भक्तीच्या भरात काही झाकून ठेवू इच्छीत नाही. ज्या घरातून बाबा गेले त्या घराचा केर दुसऱ्या दिवशी सकाळीही कोणीतरी काढलाच असणार. ती सखूबाई असेल किंवा कुंताबाई असेल. बाबांच्या त्यागाचे पोवाडे आपण गातो तेव्हा या दोन स्त्रियांनी पेललेला भार त्या पोवाड्यात बसत नाही. पुढे बाबांच्या हातून लक्षावधी रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यांवर आपल्या कुटुंबाचा हक्क त्यांनी ठेविला नाही. सार्वजनिक पैशाच्या बाबतीतील ही कठोरता वंदनीय आहे, यात संशय नाही. तिची किंमत मात्र कुंताबाईंनी मोजली, हेही तितकेच खरे.

त्यानंतरची बारा वर्षे ते भटकले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, डोक्यावर फुटक्या मडक्याची खापर, हाती खराटा, हा त्यांचा वेष सर्वांच्या परिचयाचा आहे. लोक त्यांस कोठे चिंधेबाबा तर कोठे गाडगेबाबा म्हणू लागले. ज्या गाडग्याने नाव दिले ते कुंभाराच्या चाकावरचे, आणि चिंध्या परिटाच्या घाटावर रोज दिसतात त्याच जातीच्या. आमच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. मडकी थापटण्याचे लाकूड हाती घेऊन काकांनी संतांची डोकी पारखली ही कथा आपल्या लहान मुलांसही ठाऊक असते. या गाडग्यावर काकांचे थापटणे पडले असते तर काय नाद आला असता, असा एक विचार तेरणेच्या काठी उभे राहिल्यावर मनात येऊन जातो.

ते गाडगे केवळ शिरस्त्राण नव्हते. त्यातच ते भाकरी घेत, त्यातच पाणी पीत, आणि ते स्वतः धूत. कोणाच्या घरी भाकरी मागितली तर मोबदल्यात काही काम करावे, लाकडे फोडावी, अंगण झाडावे, असा त्यांचा परिपाठ असे. गावात शिरले की प्रथम खराटा चाले. वेशीपासून रस्ते, गटारे, विहिरीभोवतालचा चिखल यांची सफाई दिवसभर होई. बघे प्रथम हसत, मग एखादा तरुण लाजून कुदळ घेऊन येई, संध्याकाळपर्यंत अर्धे गाव हाताखाली येई. आणि मग त्याच स्वच्छ केलेल्या जागेवर रात्री कीर्तन. आम्हांस या क्रमाचे फार कौतुक वाटते. आधी उपदेश आणि मग श्रम असा क्रम त्यांनी ठेविला असता तर लोक उपदेश ऐकून घरी निजावयास गेले असते.

कीर्तनाची त्यांची पद्धत प्रश्नोत्तरांची होती. देव कोठे राहतो, बकरे कोण खातो, सावकार श्रीमंत कसा झाला, असले साधे प्रश्न ते समोरच्या माणसांस विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. पायांवर कोणास डोके ठेवू देत नसत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत अढळ होती. नवसाचे बकरे कापू नये हा विषय तर कीर्तनात हटकून येई. तुळजापूरच्या भवानीचे आपण सर्व भक्त. देवीच्या नावाने बकरे देण्याची चाल आपल्या घरांतूनही होती व आहे. आम्ही कोणाच्या श्रद्धेस धक्का देऊ इच्छीत नाही. बाबांनी तो दिला, आणि त्यांचा तो अधिकार होता. व्यवहाराची एक गोष्ट आम्ही सांगू शकतो. ज्या अंगणात बकरे कापले जाते तेथे रक्त, आतडी आणि माश्या यांची व्यवस्था काय, याचा विचार नवस बोलताना कोणी करीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते अंगण धुवावयास नवस बोलणारा पुरुष क्वचितच उभा राहतो.

बाबांची खरी मोठी घरे म्हणजे त्यांच्या धर्मशाळा. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे यात्रेकरूंना चिखलातून नदीत उतरावे लागे म्हणून तेथे घाट झाला. पंढरपुरास १९१७ च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळेचे काम निघाले, त्यानंतर मराठा धर्मशाळा झाली. नाशिक, आळंदी, देहू येथेही इमारती उठल्या. मुंबईत दादर येथील धर्मशाळेत दूरदूरच्या खेड्यांतून येणारे कर्करोगाचे रोगी व त्यांची माणसे उतरतात; आपल्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांस तिचा आधार झाला आहे.

पंढरपूर आपल्या जिल्ह्यास जवळ. आषाढीस पायी जाणाऱ्यांची परंपरा घराघरांत आहे. जुन्या काळी या वारीतून येताना पुष्कळदा पटकीही बरोबर येत असे. लाखो माणसे वाळवंटात उतरत, तेथेच शौचास बसत, त्याच नदीचे पाणी पीत. चार दिवसांनी गावी परतलेला वारकरी आजारी पडे आणि आठवड्यात गावात हाहाकार होई. वारकऱ्याला छप्पर, पाणी आणि शौचाची सोय देणारी धर्मशाळा ही या दृष्टीने आपल्या गावातल्या घराचेही रक्षण करीत होती. बाबांनी बांधलेल्या दगडी भिंतींकडे आपण दानधर्म म्हणून पाहतो. त्या आरोग्याच्याही भिंती होत्या.

आणि पटकीच्या दिवसांत रोग्याचे कपडे कोण धूत होते? हा प्रश्न कोणत्याही चरित्रात नाही, म्हणून तो आम्ही येथे घालीत आहोत. बाळंतिणीचे, सुतकाचे, देवीच्या रोग्याचे, पटकीच्या रोग्याचे सर्व कपडे परिटाच्या घरी येत. बलुत्यात त्याचे मोल म्हणून सुगीस चार पायल्या धान्य मिळे. गावाने आपली घाण आमच्या दारी आणून टाकावी आणि मग आम्हांस खालचे म्हणावे, असा हा व्यवहार होता. तरीही आमच्या आजोबा-पणजोबांची भट्टी हे त्या काळच्या खेड्यातील एक मोठे आरोग्यसाधन होते. कपड्यांवर पापडखाराचे किंवा सोड्याचे पाणी मारून, मोठ्या भांड्यावर थरावर थर रचून, रात्रभर वाफ दिली म्हणजे ऊ, लिखा आणि रोगाचे बीज यांतील पुष्कळसे नष्ट होई. पुढे रुग्णालयांतून वाफेची यंत्रे आली, त्यांचे तत्त्व यापेक्षा निराळे नाही. उणीव एकच होती. भट्टीत पडण्यापूर्वी ते गाठोडे कोठे असे? बहुधा घरात, पाण्याच्या रांजणाशेजारी, जेथे लहान मुले खेळत.

उमरगा तालुक्यातील एका वृद्ध भगिनीच्या घरी आम्ही मागे गेलो होतो. अंगणाच्या टोकास एक उंच दगड होता. सासूने घालून दिलेला नियम असा की बाहेरून आलेली गाठोडी त्या दगडाच्या पुढे घराकडे यावयाची नाहीत, आणि ती सोडणाऱ्याने राख लावून हात धुतल्यावाचून रांजणास हात लावावयाचा नाही. त्या सासूबाईंनी बाबांना कधी पाहिले होते की काय, असे आम्ही विचारले. नाही, त्यांनी पाहिले नव्हते. मग हा नियम कोठून आला? दोन लेकरे एका उन्हाळ्यात गेली, त्यानंतर आला, असे उत्तर मिळाले. पुढे काही विचारण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही.

पाण्याविषयी असेच. धाराशिव हा बालाघाटाच्या डोंगररांगांवरचा कोरडा मुलूख. पाण्याचा घोट जपून प्यावा लागणारा. पूर्वी पायऱ्यांच्या विहिरीत माणसे उतरून पाणी भरीत, आणि त्या पाण्यातून नारू होई. नारूच्या रोग्याच्या पायावरील फोड पाण्यात बुडाला की त्यातून कृमीची पिल्ले बाहेर पडत, डोळ्यांस जेमतेम दिसणाऱ्या पाणकीटकाच्या पोटात शिरत, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या देहात वर्षभर वाढत. औषध नव्हते. उपाय एकच, दुहेरी स्वच्छ फडक्यातून पाणी गाळणे, कारण तो कीटक कापडातून जाऊ शकत नाही. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून हा रोग मुख्यतः गाळण्याच्या फडक्याने आणि विहिरींच्या पायऱ्या बंद करून हटविला गेला. देशातील अखेरचा रोगी १९९६ साली राजस्थानात नोंदला गेला व २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. रुपयाभराचे धुतलेले फडके काय करू शकते याचा यापेक्षा मोठा दाखला आम्हांस माहीत नाही. हे आपल्या समाजास तरी अभिमानाने सांगता यावे.

आपली घरेही बदलली. जाड दगडमातीच्या भिंती, वर मातीचे माळवद, धूर जाण्यापुरते छतास एक भोक, खिडकी बहुधा नाहीच, असे आपल्या जिल्ह्यातील जुने घर उन्हाळ्यात गार असे. पण अंधारे, आणि स्वयंपाकघरात बाईच्या डोळ्यांस व छातीस धूर खाणारे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात हीच माळवदे सास्तूरच्या बाजूस आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारीच्या परिसरात निजलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. त्यानंतर नवी गावठाणे झाली, रुंद रस्ते, खिडक्यांची घरे झाली. नव्या घरात उजेड आला, परंतु कित्येक ठिकाणी शौचालयात सरपण आणि गाठोडी भरून ठेविलेली आम्ही पाहिली. २०००-०१ पासून राज्यशासनाने बाबांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले, तेव्हा त्यांतील काही दारे उघडली. बक्षिसाच्या वर्षी गाव चकचकीत आणि पुढच्या वर्षी पूर्ववत, असेही अनुभव आहेत. बाबा बक्षिसाची समिती येण्यापूर्वी झाडीत नसत, एवढेच म्हणून आम्ही पुढे जातो.

१९२३ साली बाबांवर वज्राघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद मृत्यू पावला. ते त्या वेळी कोकणात खारेपाटण येथे कीर्तनास उभे होते. वार्ता कळल्यावरही त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ही हकीकत बाबांच्या वैराग्याचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितली जाते. मुलास कुत्रा चावला होता असे चरित्रकार सांगतात. त्या काळी श्वानदंशाची लस टोचणाऱ्या संस्था देशात होत्या, कसौलीस १९०० पासून आणि कुन्नूरास १९०७ पासून. परंतु वऱ्हाडातील गरिबाच्या मुलास त्यांचा काय उपयोग? आज ती लस तालुक्याच्या रुग्णालयात मिळते. कुत्रा चावताच ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चुना, मिरची, हळद यांत वेळ दवडू नये. धुण्याचा साबण तर आपल्या प्रत्येक घरी असतो. गोविंदाच्या कथेतून वैराग्याबरोबर एवढे आपण घेतले तर ते बाबांस अमान्य झाले असते असे आम्हांस वाटत नाही.

उत्तरायुष्यात मोठमोठी माणसे त्यांच्याजवळ आली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यास त्यांचा आशीर्वाद होता. १९५४ साली कऱ्हाडास निघालेल्या महाविद्यालयास त्यांचेच नाव देण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांस अपार आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. यात्रेकरूंच्या घराचे विद्यार्थ्यांचे घर झाले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्रीगाडगेबाबा मिशनची स्थापना होऊन सर्व संस्थांचा कारभार त्याच्या हाती गेला. निरक्षर माणसाने विश्वस्त नेमले, हिशेब लावून दिले आणि किल्ल्या सुपूर्द केल्या. दापुऱ्याच्या त्या कागदाची आठवण त्यांस तेव्हा झाली असेल काय?

१९५६ हे वर्ष आपल्या जिल्ह्याच्याही इतिहासात मोठे. निजामाच्या राज्यातून १९४८ साली मुक्त झालेला हा भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. शेंडगाव आणि धाराशिव एका राज्यात आली ती अशी, बाबांच्या अखेरच्या पन्नास दिवसांत. ८ नोव्हेंबरास त्यांनी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांच्या समोर कीर्तन केले. ते ध्वनिमुद्रित झाले असल्याने तो खडा आवाज आजही ऐकावयास मिळतो. ६ डिसेंबरास बाबासाहेब गेले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे मोटारीने जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर बाबांची प्राणज्योत मालवली. ना घरात, ना धर्मशाळेत; रस्त्यावर, जो त्यांनी जन्मभर झाडला. अमरावतीस त्यांची समाधी आहे आणि तो भाग गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

येत्या २० डिसेंबरास आपल्या समाजमंदिरात पुण्यतिथी होईल. आजवर प्रतिमापूजन सकाळी दहास आणि सभागृहाची झाडलोट आदल्या दिवशी भगिनींकडून, असा क्रम होता. यंदा आमच्या मंडळींनी तो बदलला आहे. सकाळी सातास पुरुषमंडळींनी जमावयाचे असून मागील बाजूचे तुंबलेले गटार प्रथम उपसावयाचे आहे. भगिनींनी दहा वाजता यावे. खराटा ज्याने त्याने आपल्या घरून आणावा.